सीबीसीच्या रिपोर्टमधल्या लाल पेशींच्या ओळी: कोणत्या क्रमाने वाचायच्या आणि कुठे फसायला होतं

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद हातात पडला की नजर एकाच ओळीवर जाते. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, किती? बारा असेल तर कागद घडी घालून पिशवीत. नऊ असेल तर मिरजेहून गावाकडे परतताना वाटेतल्या मेडिकलमधून टॉनिकची बाटली. त्याच कागदावर एचबीच्या खाली आणखी सहा ओळी असतात. रक्त कशामुळे कमी झालंय याचा पहिला सुगावा त्यांच्यात असतो, पण त्या कुणी वाचत नाही. मग लोहाची गरज नसलेला माणूस वर्षभर लोह खातो, बी-१२ कमी असलेला लोहाच्या लाल गोळ्या चघळत बसतो आणि मूळव्याधीतून रक्त जाणाऱ्याला बीट खायचा सल्ला मिळतो.

त्या सात ओळी (एचबी, आरबीसी काउंट, पीसीव्ही, एमसीव्ही, एमसीएच, एमसीएचसी, आरडीडब्ल्यू) क्रमाने कशा वाचायच्या, ते इथे दिलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे. निदान आणि औषध डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यासमोर बसताना नेमकं काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक असेल.

टप्पा १: लॅबला जाण्याआधी

नुसत्या सीबीसीसाठी उपाशी राहायची गरज नाही. जत, आटपाडीहून पहाटेची एसटी धरून, पाण्याचा घोटही न घेता अकरा वाजता लॅबच्या बाकड्यावर टेकणारी मंडळी नेहमी दिसतात. त्याने फायदा काहीच होत नाही, उलट तोटा होतो. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं आणि हिमोग्लोबिन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं. एप्रिल-मे महिन्यात द्राक्षबागेत खरड छाटणी करून थेट आलेल्या बाईचं ११.६ हे १२.२ दिसू शकतं आणि ‘नॉर्मल आहे’ म्हणून ती घरी जाते. पाणी नेहमीसारखं प्या. त्याच वेळी उपाशीपोटीची साखर किंवा कोलेस्टेरॉल तपासायचं असेल तरच ८ ते १२ तास खाणं टाळा. पाणी तेव्हाही चालतं.

लॅबवाल्याला किंवा डॉक्टरला न विचारताच सांगायच्या गोष्टी:

- गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं आहे का. चढवलं असेल तर रिपोर्टमध्ये तुमच्या आणि दात्याच्या पेशींची सरमिसळ असते. त्यावरून कारण शोधायला गेलं की हमखास चुकतं.
- लोहाच्या गोळ्या, बी-१२ ची इंजेक्शनं, टॉनिक सुरू आहे का आणि कधीपासून.
- गरोदरपण, पाळी सुरू असणं, नुकताच येऊन गेलेला ताप, जुलाब.
- सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट, फिट्सची औषधं, रोजच्या वेदनाशामक गोळ्या.
- दारू आणि तंबाखू. इथे लाजून उपयोग नाही, दोन्हींचा परिणाम लाल पेशींवर दिसतो.

सावध: ‘तपासणीआधी आठवडाभर टॉनिक घेऊ, म्हणजे रिपोर्ट चांगला येईल’ हा हिशेब अगदी उलटा आहे. आठवड्याभरात हिमोग्लोबिन फारसं हलत नाही. फेरिटिन (लोहाचा साठा), सिरम आयर्न (रक्तातलं लोह) आणि बी-१२ यांचे आकडे मात्र गढूळ होतात, आणि कारण शोधायच्या तपासण्या नेमक्या याच.

टप्पा २: रक्त काढताना आणि नळी मशीनपर्यंत पोचेपर्यंत

पाच-दहा मिनिटं बसा, मग हात पुढे करा. आडवं पडलेल्या आणि उभ्या माणसाच्या आकड्यांतही थोडा फरक पडतो, म्हणून दर वेळी बसूनच रक्त द्यावं. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभराहून जास्त वेळ आवळलेला राहिला तर खालचं रक्त दाटतं. शीर सापडत नसेल तर पट्टा सोडून पुन्हा बांधायला सांगण्यात काही गैर नाही.

सीबीसीची नळी जांभळ्या टोपणाची असते. आतल्या औषधामुळे रक्त गोठत नाही. दोन गोष्टींवर नजर ठेवा. नळी खुणेपर्यंत भरली पाहिजे, आणि भरल्यावर ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट केली पाहिजे. ती जोरात हलवली तर पेशी फुटतात आणि नुसतीच स्टँडला लावून ठेवली तर बारीक गुठळ्या होतात. गुठळी झालेल्या नमुन्यात पेशी कमी मोजल्या जातात. ‘नमुना गोठला, परत या’ असा फोन आला तर चिडू नका. गोठलेल्या नमुन्यावर रिपोर्ट ठोकून देणाऱ्यापेक्षा तो लॅबवाला कधीही बरा.

दवाखान्यात ॲडमिट असाल आणि एका हाताला सलाईन चालू असेल तर रक्त दुसऱ्या हातातून काढायला सांगा. सलाईनच्या हातातून काढलेलं रक्त पातळ येतं आणि घरच्यांची उगाच धावपळ होते.

आता आपल्या भागातली खास अडचण. तालुक्याच्या गावातली बरीचशी कलेक्शन सेंटरं फक्त रक्त गोळा करतात, मशीन असतं सांगली-मिरजेत. सकाळी आठला काढलेली नळी दुपारी मोटारसायकलच्या डिकीतून निघते आणि संध्याकाळी मशीनवर चढते. कधी दुसऱ्या दिवशी. एवढ्या वेळात हिमोग्लोबिन आणि पेशींची संख्या टिकून राहते, पण पेशी हळूहळू फुगतात आणि उन्हात आणखी लवकर. पेशी फुगल्या की एमसीव्ही (पेशीचं सरासरी आकारमान) वाढतं आणि एमसीएचसी (पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी) घटतं. पुढे टप्पा ६ मध्ये आपण सगळा निवाडा एमसीव्हीवर करणार आहोत, तोच आकडा इथे बिघडतो. म्हणून सेंटरवर विचारा: ‘नमुना मशीनला किती वाजता लागतो?’ त्याच दिवशी, सहा-आठ तासांत लागत असेल तर उत्तम. शनिवारी संध्याकाळी रक्त देऊन सोमवारी रिपोर्ट घेऊ नका.

शिबिरात किंवा उपकेंद्रात बोट टोचून जे हिमोग्लोबिन बघतात ते चाळणीपुरतं ठीक आहे. थेंब येत नाही म्हणून बोट दाबून दाबून काढला की त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. आशाताईंनी ‘आठ आलंय’ म्हणून पाठवलं तर घाबरून न जाता शिरेतल्या रक्ताची सीबीसी करा. पण करा जरूर.

टप्पा ३: आकड्यांआधी कागदाचा वरचा भाग

नाव, वय, लिंग, नमुना घेतल्याची वेळ. कंटाळवाणं आहे, पण एकाच आडनावाच्या दोन पेशंटांचे कागद अदलाबदल होतात आणि तसं झालं तर पुढचं सगळं वाचणं फुकट.

मग उजवीकडचा ‘नॉर्मल रेंज’चा रकाना बघा. तो तुमचा आहे का? बऱ्याच लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या पुरुषाचीच रेंज सगळ्यांना छापली जाते. तीन वर्षांच्या पोराचं एचबी ११.४ आलं की शेजारी ठळक अक्षरात ‘कमी’ छापून येतं, खरं तर त्या वयाला ते पुरेसं असतं. एमसीव्हीचंही तसंच. मोठ्यांत ८० च्या खाली म्हणजे लहान पेशी. दहा वर्षांपर्यंतच्या मुलात मात्र ७० मध्ये वयाची वर्षं मिळवा, साधारण तिथपर्यंत खालची मर्यादा जाते. तीन वर्षांच्या मुलाला ७३ चालतं.

एककही बघा. हिमोग्लोबिन ग्रॅम टक्क्यांत असतं. त्याच्या खालीच पीसीव्ही किंवा एचसीटी नावाची ओळ असते आणि तिथेही टक्क्यांची खूण असते. मग फोनवर सांगितलं जातं, ‘डॉक्टर, रक्त ३६ टक्के आहे.’ ते हिमोग्लोबिन नव्हे. रक्तात पेशींनी व्यापलेली जागा म्हणजे पीसीव्ही. आरबीसी काउंट, म्हणजे लाल पेशींची संख्या, काही लॅब दशलक्षांत देतात, काही लाखांत. ४.५ दशलक्ष आणि ४५ लाख एकच.

टप्पा ४: आकडे एकमेकांना धरून आहेत का

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा.

सात ओळींतल्या बऱ्याच ओळी एकमेकींपासूनच निघतात:

- एमसीव्ही म्हणजे सरासरी एका लाल पेशीचं आकारमान. पीसीव्ही गुणिले १०, भागिले आरबीसी काउंट. मोठ्यांत साधारण ८० ते १००.
- एमसीएच म्हणजे एका पेशीतलं हिमोग्लोबिन. एचबी गुणिले १०, भागिले आरबीसी काउंट. साधारण २७ ते ३२.
- एमसीएचसी म्हणजे पेशीत हिमोग्लोबिन किती दाट भरलंय. एचबी गुणिले १००, भागिले पीसीव्ही. साधारण ३१.५ ते ३४.५.
- आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारात किती तफावत आहे. साधारण ११.५ ते १४, लॅबगणिक थोडा फरक.

आणि एक ढोबळ ताळा: एचबीची तिप्पट केली की पीसीव्ही यायला हवं, दोन-तीनचा फरक चालतो. एचबी १२ तर पीसीव्ही ३६ च्या आसपास.

समजा कागदावर एचबी १४ आणि पीसीव्ही ३३ आहे. तिप्पट ४२, म्हणजे नऊचा फरक. एमसीएचसी काढलं तर ४२.४ येतं. पेशीत हिमोग्लोबिन इतकं ठासून बसतच नाही. एमसीएचसी ३७ च्या वर गेलं की आधी नमुन्यावर संशय घ्या. रक्तात चरबी फार असेल, नळीत पेशी फुटल्या असतील किंवा गारठ्याने पेशी एकमेकींना चिकटल्या असतील तर असं होतं. पेशी जन्मतःच गोल असण्याच्या एका आजारातही एमसीएचसी वरच्या टोकाला जातं, पण ते डॉक्टर बघतील. तुम्ही लॅबला एवढंच म्हणा, ‘हा नमुना पुन्हा एकदा लावून, स्लाइडवर बघाल का?’

तपासून घ्या: ताळा जुळला तरच पुढे जा. न जुळणाऱ्या कागदावरून औषध ठरवू नका.

टप्पा ५: आता हिमोग्लोबिन

जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. यापेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय:

- पुरुष: १३
- गरोदर नसलेली स्त्री: १२
- गरोदर स्त्री: ११, मधल्या तीन महिन्यांत १०.५
- १२ ते १४ वर्षं: १२
- ५ ते ११ वर्षं: ११.५
- २ ते ४ वर्षं: ११
- ६ महिने ते २ वर्षं: १०.५

गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, म्हणून आकडा थोडा उतरणं स्वाभाविक आहे. पण ‘बाईमाणसाचं दहा असतंच’ हे जे घरोघरी ऐकू येतं ते स्वाभाविक नव्हे. दहा सर्रास दिसतं, एवढंच. सर्रास दिसणारी गोष्ट आपण निरोगी मानून बसलोय आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महागडी चूक आहे.

दुसरी चूक दशांशांच्या मागे धावायची. मागच्या महिन्यात ११.८, आता ११.५, म्हणून घरात काळजी. एकाच माणसाचं एकाच आठवड्यात दोनदा रक्त घेतलं तरी तीन-पाच दशांशांचा फरक पडू शकतो. लॅब बदलली तर आणखी. एक ग्रॅमचा फरक असेल तर दखल घ्या. आणि तुलना करायची तर लॅब तीच आणि शक्यतो वेळही तीच.

सावध: हिमोग्लोबिन ७ च्या खाली, किंवा आकडा कितीही असला तरी बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, डांबरासारखी काळी शौच, न थांबणारा रक्तस्राव यांपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मात्र लोहाच्या गोळ्या घेतानाही शौच काळपट होते. ती धोक्याची नाही. पण गोळ्या चालू नसताना काळी होत असेल तर ती आतड्यातल्या रक्तस्रावाची खूण असू शकते.

टप्पा ६: एमसीव्ही, आणि त्याला जोडून आरबीसी व आरडीडब्ल्यू

रक्त कमी आहे हे एचबीने सांगितलं. कुठल्या वाटेने कमी झालं हे इथून कळू लागतं. तीन रिपोर्ट घेऊ. माणसं कल्पित आहेत, आकडे मात्र टप्पा ४ च्या गणिताला उतरतात. हवं तर करून बघा.

पहिला. तासगावकडची ३४ वर्षांची बाई, बेदाण्याच्या शेडवर काम, पाळीत अंगावरून फार जातं. एचबी ९.४, आरबीसी ४.४१, पीसीव्ही ३०.९, एमसीव्ही ७०, एमसीएच २१.३, एमसीएचसी ३०.४, आरडीडब्ल्यू १७.८.

पेशी लहान आहेत, फिकट आहेत आणि एकसारख्या नाहीत, कारण आरडीडब्ल्यू चढलेलं आहे. लोहाचा साठा हळूहळू आटत जातो तेव्हा जुन्या पेशी बऱ्या आणि नव्या लहान निघतात, म्हणून ही तफावत. लोहाच्या कमतरतेचं हे नेहमीचं चित्र.

दुसरा. सांगलीतल्या विश्रामबागचा २४ वर्षांचा तरुण, नोकरीच्या मेडिकलमध्ये ‘रक्त कमी’ निघालं, त्रास काहीच नाही. एचबी ११.९, आरबीसी ५.९५, पीसीव्ही ३८.१, एमसीव्ही ६४, एमसीएच २०, एमसीएचसी ३१.२, आरडीडब्ल्यू १४.६.

याच्या पेशी त्या बाईपेक्षाही लहान, तरी हिमोग्लोबिन तिच्यापेक्षा चांगलं. आणि आरबीसी काउंट कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला. लोह कमी असलं की शरीराला पेशी पुरेशा बनवता येत नाहीत, इथे तर भरपूर बनतायत, फक्त बारीक. अशा वेळी एमसीव्हीला आरबीसीने भागतात. भागाकार १३ च्या खाली आला तर थॅलेसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिन जन्मतःच कमी बनण्याचा सौम्य आनुवंशिक प्रकार) संशय, वर आला तर लोहाच्या कमतरतेकडे कल. तरुणाचा येतो १०.८, त्या बाईचा १५.९. हा नुसता कल आहे, निदान नव्हे. खात्री एचपीएलसी नावाच्या तपासणीने होते. ती सांगली-मिरजेतल्या मोठ्या लॅबमधून करून मिळते. तिच्यात हिमोग्लोबिनचा एचबीए२ हा अंश सहसा ३.५ टक्क्यांच्या वर निघाला की थॅलेसेमिया मायनर.

मायनर हा आजार म्हणावा असाही नाही. माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो. पण त्याला कमी लोहाचा पेशंट समजून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जातात आणि आकडा हलत नाही म्हणून डोसही वाढवला जातो. दुसरं, लग्न ठरताना जोडीदाराचीही हीच तपासणी झाली पाहिजे. दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. मेजरच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. पत्रिकेचे ३६ गुण जुळवताना दोन्हीकडच्या सीबीसीचे कागदही टेबलावर ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. एमसीव्ही ८० च्या खाली किंवा एमसीएच २७ च्या खाली असेल त्याने एचपीएलसी करावी. आणि गरोदरपणी पहिल्याच तपासणीत, लग्नाआधी राहिलं असेल तर.

एक पेच आहे. लोहाची मोठी कमतरता असताना एचबीए२ खोटं कमी दिसू शकतं. म्हणून दोन्ही शंका असतील तर डॉक्टर आधी लोह भरून काढतात आणि मग एचपीएलसी पुन्हा करतात. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र थांबायला वेळ नसतो, तिथे नवऱ्याची तपासणी लगेच करून घ्यावी.

तिसरा. ६१ वर्षांचे गृहस्थ, जन्मापासून शाकाहारी, अलीकडे दूधही सोडलेलं, पायाला मुंग्या, चालताना तोल जातो. एचबी १०.२, आरबीसी २.७२, पीसीव्ही ३०.६, एमसीव्ही ११२.५, एमसीएच ३७.५, एमसीएचसी ३३.३.

पेशी थोड्या, पण मोठमोठ्या. इथे बी-१२ किंवा फोलिक ॲसिडची कमतरता आधी बघतात. शिवाय दारू, यकृत, थायरॉइड आणि टप्पा १ मधली औषधंही. बी-१२ फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं. कडक शाकाहारी घरात दूध-दही-ताक हाच त्याचा आधार, तोही कमी पडतो.

सावध: असा रिपोर्ट असताना नुसतं फोलिक ॲसिड सुरू करू नका. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, कागद छान दिसतो आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. सरकारी लाल गोळीत लोहाबरोबर फोलिक ॲसिडही असतं, म्हणून ‘ती घेतोय ना’ म्हणून बी-१२ ची तपासणी पुढे ढकलू नका.

आणि एमसीव्ही नॉर्मल, तरी एचबी कमी असेल तर? नुकताच मोठा रक्तस्राव, मूत्रपिंडाचा आजार, जुना संसर्ग किंवा संधिवात. आणखी एक गमतीदार शक्यता: लोह आणि बी-१२ दोन्ही कमी. एकामुळे पेशी लहान, दुसऱ्यामुळे मोठ्या, सरासरी बरोबर मध्ये. एमसीव्ही ८८, डॉक्टरही क्षणभर फसावेत असं. हे उघडं पाडतं ते आरडीडब्ल्यू, ते १८-२० वर गेलेलं असतं. म्हणून ही ओळ कधीच सोडायची नाही.

टप्पा ७: आधी पुढची तपासणी, मग गोळी

सगळ्यांत जास्त गोंधळ याच क्रमाचा होतो. आकडे बघितले, की गोळी सुरू. महिन्याने डॉक्टर फेरिटिन सांगतात, तोवर साठ्याचा अंदाज बिघडलेला असतो. बी-१२ चं तर एक इंजेक्शन घेतलं तरी रक्तातली पातळी उसळते आणि मूळची कमतरता सिद्धच करता येत नाही.

पेशी लहान असतील तर फेरिटिन. निरोगी मोठ्या माणसात १५ च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेला, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीच कमतरता धरतात. मात्र ताप, सूज, संसर्ग असताना फेरिटिन वाढलेलं दिसतं, त्यामुळे सोबत सूज दाखवणारी सीआरपी तपासणी केलेली बरी. पेशी मोठ्या असतील तर बी-१२, फोलेट, थायरॉइड, यकृत. कुठलाही प्रकार असो, ‘पेरिफेरल स्मिअर’ मागून घ्या. मशीन पेशी मोजतं, पॅथॉलॉजिस्ट काचेवर त्या प्रत्यक्ष बघतो. खर्च थोडा आणि माहिती भरपूर.

लोह कमी आहे हे ठरलं की प्रश्न उरतो: गेलं कुठे? तरुण बाईत बहुधा पाळी आणि बाळंतपणं. पण पुरुषाचं, किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर पोटातून कुठेतरी रक्त जातंय असं धरूनच शोध घ्यायचा: मूळव्याध, अल्सर, गुडघेदुखीच्या गोळ्या, आतड्याचा कर्करोग. साठीच्या माणसाला तीन महिन्यांचं टॉनिक लिहून देणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून टाकी भरणं. ओल्या शेतात अनवाणी काम करणाऱ्यांत आकडी कृमीही बघावेत. ते पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात.

बीट आणि गुळाबद्दल एक शब्द. बिटाचा रंग लाल आहे, एवढंच. त्यात लोह बेताचंच असतं, आणि गुळातल्या लोहाने नऊचं बारा होत नाही. आहार सुधारावाच, पण तो साठा टिकवायला. रिकामा झालेला साठा भरायला औषधच लागतं.

टप्पा ८: आकडा जास्त आला असेल तर

याकडे लोक कौतुकाने बघतात: ‘सतरा आहे, रक्त भरपूर!’ पुरुषात १६.५ आणि बाईत १६ च्या वर हिमोग्लोबिन असेल तर दोन-तीन आठवड्यांनी, नीट पाणी पिऊन, पुन्हा तपासा. पाणी कमी झाल्याने वाढलं असेल तर उतरेल. नाही उतरलं तर धूम्रपान, फुप्फुसाचा आजार, घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकणं आणि क्वचित अस्थिमज्जेचा आजार. दाट रक्तात गुठळ्या होतात. ‘रक्तदान केलं की उतरेल’ असं स्वतःच ठरवून शिबिराच्या रांगेत उभं राहू नका, आधी कारण शोधा.

टप्पा ९: औषध सुरू झाल्यावर

डॉक्टरांनी लोह दिलं असेल तर ते उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घेतलेलं उत्तम. सोसत नसेल तर जेवणानंतर घ्या, पण चहाबरोबर कधीच नको. आपल्याकडे दुपारचा भडंग आणि चहा चुकत नाही, तर गोळी आणि चहा यांत निदान दोन तास ठेवा. दूध आणि कॅल्शियमची गोळी यांनाही हाच नियम. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात, ती एकाच वेळी गिळून टाकणं ही घरोघरची चूक. एक सकाळी, एक रात्री.

पुन्हा सीबीसी साधारण चार आठवड्यांनी. एचबी एक ते दोन ग्रॅमने वाढलेलं दिसलं की निदान बरोबर आणि गोळी पोटात जातेय. मुळीच वाढलं नाही तर क्रमाने विचारा: गोळी रोज घेतली का, चहाबरोबर घेतली का, रक्त अजून जातंय का, आणि मुळात निदानच चुकलं का. विश्रामबागच्या त्या तरुणाचं इथेच उघडं पडतं.

एचबी बारा झालं म्हणून गोळी बंद करायची नाही. आकडा आधी सुधारतो, साठा मागून भरतो. त्यासाठी आकडा नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने औषध चालू ठेवतात. मध्येच सोडलेल्यांचा आकडा सहा-आठ महिन्यांत पुन्हा खाली येतो, मग ‘मला गोळ्या लागूच पडत नाहीत’ अशी समजूत होऊन बसते.

मधुमेह असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीए१सी लाल पेशींवरच मोजलं जातं. लोहाची कमतरता असताना ते साखरेच्या मानाने जास्त दिसू शकतं. पेशी लवकर फुटत असतील, नुकतं रक्त चढवलं असेल, तर ते फसवं निघतं. रोजची साखर १३० च्या आसपास आणि एचबीए१सी मात्र ८ असं कोडं पडलं तर गोळी वाढवून घेण्याआधी सीबीसीचा कागदही डॉक्टरांपुढे ठेवा. जुने कागद तारखेनुसार एकाच फाइलला लावा आणि नेताना नुसता शेवटचा नको, सगळी फाइल न्या. दोन वर्षांपूर्वीही एमसीव्ही ६४ च होतं की ते आत्ता उतरलंय, हे त्या जुन्या कागदावरूनच कळतं.